कामठीला मॅच, गावात जागल: बाहेरगावच्या सामन्याला गाव घेऊन जाताना

शनिवारी कामठीला फुटबॉलची मॅच आहे असं पारावर कळलं की पोरं विचारतात, समोर कोणती टीम आहे. पारावरचा बुढा मात्र एकच विचारतो, "अन् परत कवा येनं हाय बे?" सुरुवातीला आम्ही त्याला हसायचो. गेली बारा-तेरा वर्षं गावच्या टीममागे ठिकठिकाणी फिरून, दोनदा बसस्टँडवर रात्र काढून आणि एकदा वावराचं नुकसान करून घेतल्यावर कळलं की बुढ्याचाच प्रश्न पहिला आहे. बाहेरगावच्या मॅचचं नियोजन परतीपासून सुरू करून उलटं मागे यायचं असतं. हा लेख त्याच क्रमानं लिहिला आहे.

उदाहरण आमचंच घेतो. गाव आर्वी तालुक्यात. कामठी तिथून तळेगाव, कोंढाळी, वाडी, नागपूर असं साधारण सव्वाशे किलोमीटर. महिना डिसेंबरचा. तुमचं गाव पुसदकडचं असो की मूल-सिंदेवाहीकडचं, आकडे बदलतील, पद्धत बदलायचं कारण नाही.

आधी घरी पोचायची वेळ लिहा

एक कागद घ्या आणि सगळ्यात खाली लिहा: गावात परत, रात्री साडेदहा. यापेक्षा उशीर झाला की ड्रायव्हर पेंगतो, धुकं उतरतं आणि घरचे फोन सुरू होतात. आता वर चढत जा. गावात साडेदहा म्हणजे आर्वी दहाला. तळेगावचा फाटा साडेनऊला. कोंढाळीला जेवणासाठी पाऊण तास धरला तर तिथं आठला पोचायला हवं. म्हणजे वाडी सातला सोडायची. कामठीहून नागपूर पार करून वाडीपर्यंत संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये सव्वा तास लागतोच, तेव्हा मैदान पावणेसहाला सोडायचं.

आता मॅचकडून खाली या. पंचेचाळीस मिनिटांचे दोन हाफ आणि मधली पंधरा मिनिटं म्हणजे पावणेदोन तास, दुखापतीचा जादा वेळ धरून पाच-सात मिनिटं वर. तीनची मॅच तीनला लागली तर पाचच्या आत संपते, आणि पेनल्टी शूटआउट झाला तरी सव्वापाचपर्यंत मोकळे. पण तीनची मॅच तीनला लागत नाही. आधीची मॅच लांबते, पाहुण्यांचा सत्कार होतो, नारळ फुटतो, भाषण होतं. चारला लागली तर पावणेसहा मैदानातच वाजतात, आणि डिसेंबरच्या शेवटी नागपूरकडं सूर्य साडेपाचच्या थोडं पुढं मावळतो. फ्लडलाइट नसलेल्या मैदानावर मग आयोजक दोनच गोष्टी करतात: हाफ छोटे करतात, नाहीतर एक्स्ट्रा टाइम गाळून थेट पेनल्टी. हे आधी माहीत असलं की तिथं जाऊन भांडण होत नाही.

आणखी एक. फायनल असेल तर बक्षीस समारंभाला एक तास वेगळा धरा. कप घेऊन फोटो न काढता परत आलेली टीम मी अजून पाहिलेली नाही.

वावराकडे कोण राहील

शहरातले सपोर्टर तिकीट काढतात की निघतात. आपल्याकडं डिसेंबर म्हणजे कापसाची वेचणी सुरू, तूर शेंगांवर, हरभरा आणि गहू ओलितावर. त्यात विजेच्या फीडरला रात्रीची पाळी असली की मोटर रात्रीच चालवायची. आणि रानडुकरं आणि रोही, म्हणजे नीलगाई, काही मॅच पाहायला जात नाहीत.

आमची चूक सांगतो. एका वर्षी सेमीफायनलला अख्खं पोरांचं टोळकं गेलं. जागलीला, म्हणजे रात्री पिकाच्या राखणीला जाणारे जे सात-आठ जण होते ते सगळेच गाडीत. मॅच जिंकलो, नाचत परत आलो. सकाळी वावरात गेलो तर हरभऱ्याच्या दोन एकरांत रोह्यांनी शेंडे खुडून नेलेले आणि एका कोपऱ्यात डुकरांनी नांगरट केल्यासारखी माती उकरलेली. वडील काही बोलले नाहीत. धुऱ्यावर बसून विडी ओढत राहिले. त्यापेक्षा दोन शिव्या परवडल्या असत्या.

त्यामुळं आता गाडी ठरवायच्या आधी आम्ही जागलीची यादी करतो. लागून असलेली वावरं एका गटात घ्यायची. तीन-चार वावरांमागे एक माणूस थांबला तरी भागतं. तो मचाणावरून सगळीकडं बॅटरी मारतो. थांबणाऱ्याला गाडीभाड्याची वर्गणी माफ, आणि पुढच्या मॅचला त्याची जागा पक्की. हा नियम वहीत लिहून ठेवा, नाहीतर दरवेळी तोच गरीब सालदार मागे राहतो. ज्यांच्याकडं झटका मशीन (कुंपणाच्या तारेत झटका सोडणारं) आहे त्यांनी आदल्या दिवशी बॅटरी चार्ज झाली का, तारेला गवत लागलं का, एवढं पाहून घ्यावं. घरची मोटर ऑटो स्टार्टरवर सोडून निघू नका. पाट फुटला तर बांध घालायला माणूस लागतो, फोनवरून पाणी वळत नाही.

वेचणीचं वेगळं. मजूर बाया ठरलेल्या दिवशीच येतात आणि त्या दिवशी कापूस मोजायला घरचं माणूस लागतं. ज्याची वेचणी त्याच शनिवारी आहे त्याला आग्रह करू नका. आभाळ आलेलं असेल तर कोणालाच करू नका. फुटलेली बोंडं भिजली की पिवळ्या कापसाला व्यापारी काय भाव देतो ते सगळ्यांना माहीत आहे.

आयोजकांना तीन फोन

पहिला फोन ड्रॉ पडला, म्हणजे कोणाची मॅच कोणाशी ते ठरलं, की लगेच. त्यात विचारायचं: मॅच अकरा-अकराची की सात-सातची, हाफ किती मिनिटांचे, बरोबरी झाली तर काय, मैदानाला प्रेक्षकांसाठी दोरी किंवा कठडा आहे का, बायांसाठी संडासाची सोय कुठं. शेवटचा प्रश्न पुरुष मंडळी विचारत नाहीत आणि मग गोलकीपरची माय दिवसभर पाणी न पिता बसते. मैदानाशेजारी शाळा असेल तर आयोजक तिथली चावी मागून ठेवतात, फक्त आधी सांगावं लागतं.

दुसरा फोन आदल्या संध्याकाळी. तिसरा निघायच्या दिवशी सकाळी सातला, गाडी सुरू करायच्या आधी. "काल तर तीनच म्हटलं होतं" हे वाक्य मैदानावर उपयोगाचं नसतं. एकदा आम्ही दुपारी दीडला पोचलो तर समोरची टीम सकाळी दहाला मैदानात उभी राहून, आम्हाला स्क्रॅच (स्पर्धेतून बाद) करून, वॉकओव्हर घेऊन घरी गेली होती. वेळ बदलल्याचा निरोप म्हणे एका ग्रुपवर टाकला होता. त्या ग्रुपवर आमच्यातलं कोणीच नव्हतं.

गाडी, आणि भागाकार

खेळाडूंची गाडी आणि सपोर्टरची गाडी वेगळी असू द्या, हे माझं पक्कं मत. एकाच गाडीत बसले की ढोल गावच्या वेशीपासून सुरू होतो आणि स्ट्रायकर पोचेपर्यंत अर्धा झालेला असतो. खेळाडूंनी तासभर आधी निघावं, खिडकीला डोकं टेकून झोपावं.

सपोर्टरसाठी तीन मार्ग आहेत. चाळीसच्या वर माणसं असतील तर एसटीची प्रासंगिक कराराची गाडी. डेपोत जाऊन तारीख, ठिकाण, निघायची-परतायची वेळ द्यायची, अनामत भरायची. लग्नसराईच्या तारखेला गाडी मिळत नाही, म्हणून पंचांग बघूनच अर्ज करा. दाट मुहूर्त असला तर महिनाभर आधी. पंधरा-सतरा जण असतील तर ट्रॅव्हलर. पाच-सहाच जण असाल तर साधी एसटी: महिलांना १७ मार्च २०२३ पासून एसटीत अर्धं तिकीट आहे, ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांनाही अर्धं आणि ७५ च्या वरच्यांना फुकट. आमच्यातला एक काका ७८ वर्षांचा आहे. ओळखपत्र खिशात, प्रवास मोफत, आणि सगळ्यात मोठा आवाज त्याचाच. नागपुरात उतरल्यावर मेट्रोनं ऑटोमोटिव्ह चौकापर्यंत जाता येतं. तो कामठी रोडच आहे, पुढं ऑटो मिळतात.

चौथा मार्ग सगळ्यांच्या मनात असतो: छोटा हत्ती, पिकअप नाहीतर ट्रॅक्टरची ट्रॉली. स्वस्त पडतं हे खरं. पण मालवाहू गाडीत माणसं नेणं कायद्याला मंजूर नाही, आणि अपघात झाला तर विमा कंपनी पहिलं बोट त्यावरच ठेवते. ट्रॉलीत वीस पोरं उभी आणि मागं दिवा नाही, असं दृश्य रात्री हायवेवर मागून येणाऱ्या ट्रकच्या ड्रायव्हरला दिसतच नाही. ट्रॉली गावातल्या मिरवणुकीला ठेवा.

आता पैसे. समजा ट्रॅव्हलरवाल्यानं येणं-जाणं साडेसहा हजार सांगितले. आधी विचारा, टोल त्यात आहे का, ड्रायव्हरचा भत्ता त्यात आहे का, रात्री अमुक वाजल्यानंतर जादा लागतो का. टोल-पार्किंगचे पाचशे धरा, झाले सात हजार. सीट सतरा. पण भागाकार सतरानं करायचा नाही, चौदानं करायचा. सात हजार भागिले चौदा, पाचशे रुपये. कारण निघायच्या सकाळी तिघं जण गळतातच: एकाची म्हैस विते, एकाच्या घरी सोयरे येतात, एक जण फोनच उचलत नाही. सगळे सतराही आले तर वर पंधराशे उरतात, त्यात चहा-पोहे आणि ढोलवाल्याची सुपारी निघते. पैसे आदल्या रात्रीपर्यंत हातात घ्या. "चुकारा आला की देतो", म्हणजे विकलेल्या मालाचे पैसे आले की, हे वाक्य ऐकलं की त्याचं नाव पेन्सिलीनं लिहा.

गाडी ठरवताना ड्रायव्हर कोण आहे ते पाहा. मालक चांगला असून भागत नाही. सकाळपासून गाडी चालवलेल्या ड्रायव्हरला रात्री परत आणायचं असतं. त्याला मॅच सुरू असताना गाडीत झोपू द्या. आमचे काही उत्साही लोक त्याला ओढून मैदानात आणतात, नाचवतात, आणि मग बाजारगावाजवळ गाडी डुलायला लागली की देवाचं नाव घेतात. परतीच्या प्रवासात पुढच्या सीटवर एक जागता माणूस बसवायचा, गप्पा मारणारा. त्याची निवडही सकाळीच करायची. आणि जिंकल्याच्या आनंदात ड्रायव्हरला कोणी ग्लास पुढं केला तर त्या माणसाला पुढच्या मॅचला न्यायचं नाही, बस.

मेडिकल, दीक्षाभूमी आणि बर्डी

नागपूरकडं गाडी जाते हे गावात कळलं की मॅचची सहल होते. एकाच्या साळ्याला मेडिकलमध्ये, म्हणजे नागपूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात, भरती केलेलं असतं, त्याला डबा पोचवायचा असतो. दोघांना दीक्षाभूमीवर माथा टेकवायचा असतो, कामठीत ड्रॅगन पॅलेसचं बुद्धविहार पाहायचं असतं. पोरींना सीताबर्डीवर ड्रेस घ्यायचा असतो. कोणाच्या पंपाचा पार्ट, कोणाचं कॉलेजातलं टीसी.

नाही म्हणू नका. म्हटलं तरी लोक करतातच, आणि मग हरवतात. त्यापेक्षा एकच थांबा ठरवा, तोही जाताना. येताना कधीच नाही. जाताना थांबलात तर मॅचची घाई तुम्हाला गाडीत परत ओढते. येताना थांबलात तर ओढणारं काही नसतं. मेडिकलमध्ये जाणाऱ्यांनी गाडीच्या आधी सकाळच्या एसटीनं निघावं, मेट्रो-ऑटो करत मैदानावर यावं. बाकीच्यांसाठी अर्धा तास, दीक्षाभूमी. बर्डी पुढच्या वेळी. हे सांगताना माझी बायकोच माझ्याकडं ज्या नजरेनं बघते ते इथं लिहीत नाही.

हे सगळं धरून गावातून निघायची वेळ निघते. मैदानावर दीडला पोचायचं, तीन तास प्रवास, अर्धा तास चहा आणि अर्धा तास थांबा: म्हणजे साडेनऊ. लोकांना साडेआठ सांगा.

शिदोरी

दुपारचं जेवण घरून न्या. पोळ्या, ठेचा, झुणका, शेंगदाण्याची चटणी, कांदे. पातळ भाजी नको. वळणावर डबा उलटला की सीटला तेल आणि वास दोन्ही राहतात. वांग्याची भाजी न्यायचीच असेल तर सुकी. तर्री-पोह्याचा मोह जाताना आवरा, म्हणजे निदान खेळाडूंनी तरी. तर्री पोटात घेऊन पहिल्या हाफमध्ये धावणाऱ्या आमच्या लेफ्ट विंगरला एकदा मैदानाबाहेर जाऊन झाडामागं बसावं लागलं, दहा मिनिटं आम्ही दहाच जण होतो.

संत्री मात्र भरपूर न्या. आंबिया बहार उतरायचा हंगाम तोच आहे, आर्वी-कारंजाकडं कोणा ना कोणाचा बाग असतोच. बाजारात न जाणारी बारकी, डागाळलेली फळं टोपलीभर मिळतात. हाफटाइमला खेळाडूंना द्यायला याच्यासारखं दुसरं नाही. आदल्या रात्री सोलून ठेवू नका, वाळतात. तिथंच अर्धी चिरा. सालं आपल्या पोत्यात परत आणा. समोरच्या गावाच्या मैदानावर सालांचा सडा पडला की पुढच्या वर्षी बोलावताना लोकांना तोच आठवतो.

पाण्याची कॅन नवीन घ्या किंवा जारवाल्याकडून आणा. फवारणीच्या औषधाचा डबा कितीही धुतला तरी पाण्याला वापरायचा नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर दगावले. ते श्वासातून, कातडीतून गेलेलं विष होतं. इथं तर आपण पोरांना पाजणार.

स्वेटर आणि मफलर सकाळी उन्हात निघताना ओझं वाटतात. नागपुरात २९ डिसेंबर २०१८ ला पारा ३.५ अंशांवर उतरला होता. दरवर्षी इतकं होत नाही, पण खिडकीची काच न लागणाऱ्या गाडीत रात्री नऊला आठ-दहा अंशसुद्धा पुरे होतात. गाडीत दोन घोंगड्या टाका, म्हाताऱ्या माणसांसाठी.

बॅनर आणि ढोल

बॅनर जुन्या पांढऱ्या सुती चादरीवर चांगला उठतो. फ्लेक्सला हजार-पाचशे जातात, वाऱ्यात फडफडून फाटतो आणि त्यावर पंधरा जणांचे फोटो टाकावे लागतात, ज्याचा नाही आला तो रुसतो. चादर अंगणात ताणून चारी कोपऱ्यांवर दगड ठेवा. आधी कोळशानं अक्षरं आखा. रेघ दोन बोटांपेक्षा बारीक ठेवाल तर मैदानापलीकडून वाचता येत नाही. चार बोटं हवी. लाल ऑइलपेंट घरातल्या दाराचा उरलेला असतोच, पण तो वाळायला दोन दिवस लागतात आणि ओल्याची घडी केली की गावाचं नाव उलटं दुसऱ्या अर्ध्यावर छापलं जातं. आमच्या एका बॅनरवर अजून तसंच आहे. वरच्या कडेला शिलाई मारून त्यातून सुतळी ओवा. काठ्या नेऊ नका: बॅनरसाठी म्हणून नेलेली बांबूची काठी भांडणात लाठी होते, आणि बंदोबस्ताला पोलीस असतील तर दारातच काढून घेतात. सुतळीनं दोन झाडांना बांधा.

डफडं किंवा ढोल एकच पुरे, पण वाजवणारा दमदार हवा. संदलवाले (वाजंत्रीचा ताफा) आणायचे असतील तर आधी आयोजकांना विचारा. मैदानाजवळ दवाखाना किंवा चालू शाळा असली तर शंभर मीटरच्या आत शांतता क्षेत्र धरलं जातं. लाउडस्पीकर नकोच. फटाके तर अजिबात नको, तणस रचलेल्या वावरांमधल्या मैदानावर तर नाहीच.

आणि शिट्टी. शिट्टी नेऊ नका. आमच्या एका पोरानं हौसेनं प्लॅस्टिकची शिट्टी नेली, समोरचा फॉरवर्ड एकटा गोलकडं चालला असताना ती वाजली, आमचा स्टॉपर रेफरीची समजून थांबला, आणि त्यानं गोल केला. रेफरीनं गोल दिला. शिट्टीवाल्या पोराचं लग्न झालं, दोन लेकरं झाली, गावात त्याला अजून शिट्टीच म्हणतात.

मैदानावर उभं कुठं राहायचं

दुपारची मॅच आहे, ऊन पश्चिमेकडून येणार. मैदानाच्या पश्चिमेच्या बाजूला उभे राहा, म्हणजे सूर्य पाठीशी राहतो आणि दुसऱ्या हाफमध्ये डोळ्यांवर हात धरून उभं राहावं लागत नाही. हे लवकर पोचण्याचं खरं कारण. गावकऱ्यांना हे माहीत असतं आणि ती बाजू आधी भरते. यजमानांची गर्दी तिथंच असेल तर हट्ट करू नका, टोप्या घाला आणि पूर्वेला जा.

चुन्याच्या रेघेपासून पाच पावलं मागं. लाइन्समनला धावायला वाट लागते, आणि थ्रो घेणाऱ्याला मागं सरकायला. रेघेवर उभे राहिलात की ऑफसाइडचा झेंडा न दिसल्याचा दोष तुमच्यावर येतो. गोलच्या मागं तर कधीच नाही: आपल्या गोलकीपरला तुम्ही मागून दहा सूचना देता आणि तो एकही ऐकत नाही, वर समोरच्यांना तुमच्याबद्दल तक्रार करायला जागा मिळते.

कामठीत आणखी एक लक्षात ठेवा. हे गाव इंग्रजांनी १८२१ साली कन्हान नदीकाठी छावणी म्हणून वसवलं, आजही गार्ड्स रेजिमेंटचं केंद्र तिथं आहे, आणि फुटबॉल तिथल्या गल्ल्यांत पिढ्यांपासून मुरलेला आहे. रब्बानी क्लबसारखे संघ नागपूरच्या लीगमध्ये खेळतात. तिथला चहावालासुद्धा पास चुकला की चुकचुकतो. अशा प्रेक्षकांसमोर उगाच आरडाओरड करून वजन पडत नाही. चांगला सेव्ह झाला तर त्यांच्या गोलकीपरलाही टाळ्या द्या. पुढच्या वीस मिनिटांत तुमच्या ढोलकडं लोक वेगळ्या नजरेनं बघायला लागतात.

आवाजाचा उपयोग होत नाही असं मात्र नाही. २०२० च्या मे महिन्यात जर्मनीची बुंडेसलीगा करोनामुळं रिकाम्या स्टेडियममध्ये सुरू झाली तेव्हा घरच्या संघांचं घरी जिंकणं कमी झालेलं दिसलं, आणि पाहुण्या संघांना मिळणारी कार्डंही. म्हणजे गर्दीचा दाब रेफरीवरही पडतो. परक्या मैदानावर तो दाब तुमच्या विरोधात असतो, आणि तो हलका करायला सतरा माणसं आणि एक ढोल पुरतात, फक्त वेळ साधली पाहिजे. सतत वाजवू नका. आपला कॉर्नर, आपला फ्रीकिक, आणि आपण गोल खाल्ल्यानंतरची पहिली दोन मिनिटं: तेव्हा वाजवा. गोल खाल्ल्यावर सगळेच गप्प होतात आणि पोरं मैदानातून आपल्याकडं बघतात. तेवढ्यासाठीच आपण सव्वाशे किलोमीटर आलेलो असतो.

जाता जाता: बाहेरच्या मैदानावर केलेला गोल डबल धरतात, असं टीव्हीवर पाहिलेलं पोरं अजून सांगतात. युरोपातल्या युएफाच्या स्पर्धांमध्ये एकूण गोल बरोबरीत असले तर बाहेरचे गोल बघायचे, तो नियम २०२१ मध्येच काढून टाकला. आपल्या एका मॅचच्या नॉकआउटला तर तो कधीच लागू नव्हता. आयोजकाशी यावरून वाद घालू नका.

रेफरीनं चुकवलं तर

चुकवणारच. पेनल्टी न देण्याला उत्तर म्हणून मैदानात शिरलेला एक सपोर्टर आपल्या अकरा पोरांची मेहनत घालवतो, कारण टीम स्क्रॅच होते ती त्याच्यामुळं, आणि शिक्षा त्याला होत नाही. तक्रार करायचा अधिकार कॅप्टनचा आणि मॅनेजरचा. लेखी प्रोटेस्ट करायचा असेल तर किती वेळात आणि किती फी भरून, हे पहिल्या फोनलाच विचारून ठेवा. आमच्याकडं तापट तीन जण आहेत. प्रत्येकाच्या शेजारी आम्ही त्याच्याच नात्यातलं एक वडील माणूस उभं करतो. काकाच्या देखत पोट्टा मैदानात उडी मारत नाही.

पोरांना लागलं, पाय मुरगळला तर बर्फ आणि कापडी पट्टी. चोळायचं नाही, लगेच तेल लावायचं नाही. डोक्याला मार बसून पोरगं गोंधळल्यासारखं बोललं, ओकलं तर मॅच संपायची वाट न पाहता १०८ ला फोन. भांडण हाताबाहेर गेलं तर ११२. हायवेवर गाडी बंद पडली तर १०३३. हे तिन्ही नंबर बॅनरच्या मागच्या बाजूला कोळशानं लिहून ठेवा, मोबाइलची बॅटरी तेव्हाच संपलेली असते.

परत निघताना

मॅच संपली की दहा मिनिटं नाचा. मग मोजणी. गाडीत बसताना नाव पुकारून मोजा, डोकी मोजू नका. डोकी मोजून एकदा आम्ही कामठीचाच एक पोरगा वाडीपर्यंत आणला होता, तो बापडा गाडी छान वाटली म्हणून बसला होता. त्याला परत सोडण्यात दीड तास गेला. ज्या बाया-पोरींना आर्वीत किंवा मधल्या गावात उतरायचं आहे त्यांच्या घरचा माणूस फाट्यावर घ्यायला येईल का, हे कोंढाळीला जेवतानाच फोन करून पक्कं करा. नसेल येत तर गाडी दारापर्यंत जाईल, दहा मिनिटं लागली तरी.

हरून येताना गाडीत कोणाची चूक हा विषय काढायचा नाही. तो दुसऱ्या दिवशी पारावर निघतोच, तिथं जागाही जास्त असते.

जागलीला थांबलेल्याला फोनवर निकाल सांगता येत नाही, आमच्या शिवारात रेंज नसते. म्हणून ठरवून ठेवलं आहे: गाडी नाल्यावरच्या पुलावर आली की लाइट विझवून-पेटवून. दोनदा म्हणजे जिंकलो, एकदा म्हणजे हरलो. मग अंधारात लांब कुठल्यातरी मचाणावरून बॅटरी हलते, आणि बहुतेक वेळा ड्रायव्हर विचारतो, "तिकडं कोन हाय?"